वाहते कान आणि समाजाचा कानाडोळा

ज्या रोगाने माणूस तडकाफडकी मरत नाही, त्या रोगाची दखल आपल्याकडे कोणी घेत नाही. पटकीची साथ आली की यंत्रणा धावते, डेंग्यूचे चार रुग्ण सापडले की गावात धूरफवारणी होते. पण वर्षानुवर्षे कान वाहणाऱ्या मुलाकडे पाहून कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. शेंबूड आणि फुटलेला कान ही जणू गरिबाच्या बालपणाची लक्षणेच आहेत, अशी समजूत मनात खोल रुजली आहे. मूल मोठे झाले की कान आपोआप थांबेल, असे आजी सांगते. शेजारीण लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडायला सांगते, आणि हातावर पोट असलेला बाप औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणतो. या तिन्ही उपायांमध्ये कानात डोकावून पाहणे मात्र कोठेच बसत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावल तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. एका अंगाला तापीकाठची काळी जमीन, केळीच्या बागा आणि सधन गावे. दुसऱ्या अंगाला डोंगराच्या कुशीतले तडवी आणि पावरा वस्तीचे पाडे. १९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच तालुक्यातील फैजपूरला झाले. देशाच्या प्रश्नांचा विचार खेड्यात बसून करावयाचा, हा त्यामागचा संकल्प होता. त्या संकल्पाला नऊ दशके होत आली असताना खेड्यातील मुलाचा कान कोण पाहतो, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये. कारण हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. पैसा कोठे खर्च होतो, कोठे वाचतो आणि त्या बचतीची किंमत शेवटी कोणाला मोजावी लागते, याचाही तो प्रश्न आहे.

रोगाचे मूळ नाकात

सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे कान दुखतो तो कानात पाणी गेल्यामुळे किंवा वारा लागल्यामुळे. वस्तुस्थिती निराळी आहे. लहान मुलांच्या मध्यकर्णाचा, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीचा दाह बाहेरून येत नाही. तो आतून, नाकाघशाच्या वाटेने येतो. मध्यकर्ण आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते. सोळाव्या शतकातील युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा राखणे आणि आतला स्राव घशाकडे वाहून नेणे, ही तिची कामे. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि उतरती असते, तर तान्ह्या मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. त्यामुळे नाकातले बिघाड कानापर्यंत पोचण्यास बालवयात फारसा अडसर राहत नाही.

प्रारंभ होतो तो साध्या पडशाने, आणि पडसे हे विषाणूंचे काम. ऱ्हायनोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, इन्फ्लुएंझाचे विषाणू, तसेच आरएसव्ही या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा, तान्ह्या मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा विषाणू, असा हा परिवार आहे. विषाणू नाकाच्या आणि नळीच्या अस्तराला सूज आणतो. कचरा आणि जंतू बाहेर लोटणारे त्या अस्तरावरचे सूक्ष्म केस निकामी होतात. नळी बंद पडली की पोकळीतील हवा शोषली जाते, दाब उतरतो आणि तेथे पाणी साचते. एरवी नाकाघशात निरुपद्रवीपणे राहणारे न्यूमोकोकस, हिमोफिलस यांसारखे जिवाणू मग त्या साचलेल्या पाण्यात शिरून वाढतात. पू धरतो, पडदा ताणला जातो, मूल रात्रभर रडते आणि कधी पडदा फुटून कान वाहू लागतो.

ही साखळी आता प्रयोगांनी पक्की झाली आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात लहान मुलांच्या पडशांचा पाठपुरावा करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहापैकी सुमारे सहा पडशांनंतर कानाचा दाह किंवा पडद्यामागे पाणी आढळले. १९९९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, आरएसव्हीची लागण झालेल्या आणि कानाचा दाह असलेल्या मुलांपैकी ७४ टक्के मुलांच्या मध्यकर्णातील द्रवात तोच विषाणू सापडला. फिनलंडमधील संशोधकांनी २००६ साली वाहत्या कानांतील स्राव बारकाईने तपासला, तेव्हा ९२ टक्क्यांमध्ये जिवाणू, ७० टक्क्यांमध्ये विषाणू आणि ६६ टक्क्यांमध्ये दोघेही आढळले.

या शेवटच्या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. विषाणू हा एकटा गुन्हेगार नव्हे. पण दार उघडून देणारा तोच. चोरी जिवाणूने केली हे खरे असले, तरी कडी विषाणूने काढली होती. म्हणूनच ‘जंतू मारा म्हणजे झाले’ हे साधे गणित येथे चुकते. प्रतिजैविक औषधे जिवाणूंना मारतात, विषाणूंचे ती काहीही वाकडे करू शकत नाहीत. नळीची सूज पडसे ओसरेपर्यंत राहणारच, आणि पडसे आपल्या गतीनेच ओसरते.

औषधाची घाई

असे असूनही कान दुखण्याच्या तक्रारीवर मिळणारे नेहमीचे उत्तर म्हणजे प्रतिजैविकाची बाटली किंवा गोळ्या. यातून हाती काय लागते, याचा हिशेब जगात झालेला आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून काढलेल्या आढाव्यानुसार, औषध दिले किंवा न दिले तरी सुमारे ६० टक्के मुलांचे दुखणे २४ तासांत थांबते. दोन-तीन दिवसांनी दुखणे थांबण्याच्या बाबतीत एका मुलाला औषधाचा फायदा व्हावा, म्हणून सुमारे वीस मुलांना ते द्यावे लागते. उलट, दर चौदा मुलांमागे एकाला उलटी, जुलाब किंवा अंगावर पुरळ यांचा त्रास होतो. नेदरलँडमध्ये डॉक्टर अशा वेळी वेदनाशामक देऊन थांबतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००४ साली निवडक मुलांच्या बाबतीत दोन-तीन दिवस वाट पाहण्यास संमती दिली.

तथापि, परदेशातील आकडे पाहून ‘औषधे बंद करा’ असा फतवा काढणे हा दुसऱ्या टोकाचा अविचार ठरेल. २०११ साली पिट्सबर्ग आणि तुर्कू येथील दोन चाचण्यांत निराळे चित्र दिसले. तेथे कानाचा पडदा काटेकोरपणे तपासून, दाह खरोखरच आहे अशाच लहान मुलांची निवड केली होती. तुर्कूच्या चाचणीत औषध घेणाऱ्या १८.६ टक्के मुलांचा उपचार अयशस्वी ठरला, तर औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४.९ टक्के होते. म्हणजे ज्याला खरी गरज आहे त्याला औषधाचा लाभ निःसंशय होतो. सहा महिन्यांहून लहान मूल, दोन वर्षांच्या आतील मुलाचे दोन्ही कान बिघडलेले, तीव्र ताप किंवा कानातून वाहणारा पू, अशा वेळी वाट पाहू नये, असे वैद्यकही सांगते. कानामागच्या हाडात पू धरून तो मेंदूकडे सरकण्याचा धोका जेथे अधिक, तेथे सावधगिरीही अधिक हवी. यावल म्हणजे नेदरलँड नव्हे.

या दोन निष्कर्षांत विरोध नाही. दोन्ही एकच गोष्ट सांगतात : आधी पाहा, मग ठरवा. पण नेमके हे पाहणेच आपल्या व्यवहारातून गळून पडले आहे. कान तपासण्याची छोटी दुर्बीण हे काही महागडे यंत्र नव्हे. तिला लागतो तो वेळ, सराव आणि रडणाऱ्या मुलाला मांडीवर धरून ठेवण्याचा धीर. गोळी लिहून देण्यास यांपैकी काहीच लागत नाही. पाहण्याचे शुल्क वेगळे मिळत नाही, लिहिण्याने मात्र रुग्ण समाधानाने घरी जातो. जेथे लिहिणे स्वस्त आणि पाहणे महाग, तेथे लिहिणेच वाढणार, हा बाजाराचा साधा नियम आहे. डॉक्टरांना नीतीचे पाठ देऊन तो बदलत नाही.

दुसऱ्या खेपेची किंमत

आणखी एक गोष्ट शहरात बसून सहसा ध्यानात येत नाही. ‘दोन दिवस वाट पाहू, बरे वाटले नाही तर परत या’ हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीने उत्तम; पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. मूल परत येऊ शकेल, हे ते गृहीत. सातपुड्याच्या पाड्यावरील बाईला यावलला येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, एसटीचे भाडे, शिवाय घरी राहिलेल्या मुलांची सोय शेजाऱ्यांवर टाकणे. केळीच्या कापणीचे दिवस असले तर मुकादम दुसऱ्या दिवशी विचारतही नाही. अशी बाई पहिल्याच खेपेस सर्व औषध मागते, आणि डॉक्टरही ती परत येणार नाही हे जाणून सर्वांत जोरकस औषध लिहितो. दोघांनाही मूर्ख ठरवणे सोपे आहे; पण आपापल्या जागी दोघेही हिशेबाने चोखच वागत असतात. दोष आहे तो दुसरी खेप परवडू न देणाऱ्या व्यवस्थेत.

या वैयक्तिक शहाणपणाची बेरीज मात्र सार्वजनिक नुकसानीत होते. यावल-रावेर पट्ट्यातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. केळीला पाणी हवे म्हणून प्रत्येकाने आपापल्या शेतात बोअर खोल नेली. प्रत्येकाचा हिशेब बरोबर होता, आणि सर्वांच्या विहिरी कोरड्या पडत गेल्या. प्रतिजैविकांचेही असेच आहे. प्रत्येक अनावश्यक मात्रा जिवाणूंना त्या औषधाला तोंड देण्यास शिकविते. या औषधांची शक्ती हा सर्वांच्या मालकीचा साठा आहे आणि तो झपाट्याने उपसला जात आहे. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना या धोक्याचा इशारा दिला होता. भारत सरकारने २०१४ पासून काही प्रबळ प्रतिजैविकांच्या विक्रीवर नोंदवहीचे बंधन घातले, २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडाही केला. पण कान दुखणाऱ्या मुलाच्या आईला दुकानदाराखेरीज जवळचे कोणी नसेल, तर कायद्याचे कलम तिच्यापर्यंत कसे पोचणार?

उपेक्षेची दुसरी बाजू

ताज्या दुखण्यात औषधांचा अतिरेक होतो, तर जुन्या दुखण्यात नेमकी उलटी स्थिती असते. पडदा फुटून कान आठवडे, महिने वाहत राहिला की दुखणे थांबते आणि दुखणे थांबले की उपचारही थांबतो. वास्तविक उपचाराची खरी निकड येथूनच सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालानुसार जगात साडेसहा कोटी ते तेहेतीस कोटी लोकांचे कान असे वाहतात आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना लक्षणीय प्रमाणात कमी ऐकू येते. लोकसंख्येच्या चार टक्क्यांहून अधिक लोकांना हा विकार असलेल्या, म्हणजेच तातडीने लक्ष देण्याजोग्या देशांच्या गटात त्या अहवालाने भारताची गणना केली आहे.

या विकाराचा प्राथमिक उपचार आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. स्वच्छ कापसाची वात करून कान दिवसातून अनेकदा कोरडा करणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले योग्य थेंब घालणे. पोटात घेण्याच्या गोळ्यांपेक्षा हे थेंब अधिक गुणकारी ठरतात. फुटलेल्या पडद्यात तेल ओतणे अपायकारक, आणि तळ्यात डुंबणेही. पडदा भरून आला नाही तर शस्त्रक्रियेने तो बसविता येतो. गोळ्यांवर खर्च होतो, पण वात करायला बसण्याची सवड कोणाला नसते. आजाराचे स्वरूप असे आहे की येथे पैशापेक्षा हात अधिक लागतात.

हा कानाडोळा सर्वांत महाग पडतो तो शाळेत. मागच्या बाकावरचा मुलगा प्रश्नाचे उत्तर देत नाही, शुद्धलेखनात अक्षरे गाळतो, हाक मारली तरी वळत नाही. गुरुजी त्याला मठ्ठ म्हणतात, सोबती बहिरा म्हणून चिडवितात. यांपैकी सत्याच्या जवळ सोबतीच असतात. घरी पावरी किंवा तडवी बोली आणि शाळेत प्रमाण मराठी, अशी दुहेरी कसरत करणाऱ्या मुलाला तर प्रत्येक ध्वनी नीट ऐकू येणे आवश्यक. ज्या वयात शब्दांचा साठा होतो त्याच वयात कानाचा पडदा फाटलेला असेल, तर ते मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेरच राहते. पुढे ते शाळा सोडते तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘अभ्यासात रस नाही’ असे लिहिले जाते. त्या रकान्यात कानाचा उल्लेख कधीच नसतो.

योजना आहेत, दुवा नाही

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली सुरू झाला. २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील पालघर येथूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि त्यातील तपासणीच्या यादीत मध्यकर्णाच्या दाहाचा स्पष्ट समावेश आहे. न्यूमोकोकसविरुद्धची लस २०२१ पासून देशभर मोफत मिळू लागली. गोवराच्या विषाणूनंतरही कान बिघडतात, तेव्हा गोवर-रुबेलाची लस ही एका अर्थी कानाचीही लस आहे. २०२२ साली मुंबई आणि मालेगावात गोवराने डोके वर काढले, तेव्हा लसीकरणातील खंडाचे मोल काय असते हे दिसून आले. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यावलला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत. म्हणजे माणसे आहेत, योजनाही आहेत. त्यांना जोडणारा दुवा नाही.

तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाच्या ठरीव रचनेत कान-नाक-घसा तज्ज्ञाचे पद धरलेले नसते. तेव्हा तज्ज्ञ कायमचा मिळावा ही मागणी सध्या व्यर्थ ठरेल. परंतु जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञाने महिन्यातील एक ठरलेला दिवस यावलला द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कानाची दुर्बीण असावी आणि ती वापरणारा प्रशिक्षित हातही असावा. यंत्र कपाटात आणि किल्ली बदली झालेल्या माणसाकडे, असा प्रकार नसावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसरी खेप रुग्णाने करण्याऐवजी व्यवस्थेने करावी. ज्या मुलाला औषध न देता थांबावयाचे ठरले, त्याच्या दारी तिसऱ्या दिवशी आशा ताईने जावे, ताप व दुखणे पाहावे आणि गरज असल्यास केंद्राला कळवावे. या भेटीचा मोबदला तिला स्वतंत्रपणे द्यावा. अनावश्यक औषधांवर आणि पुढे शस्त्रक्रियेवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने तो किरकोळच ठरेल.

आश्रमशाळांचा विचार निराळा करावयास हवा. एका खोलीत दाटीने झोपणारी मुले पडशाच्या विषाणूला आयतीच सापडतात. तेथे अंथरुणांतील अंतर, खेळती हवा, हात धुण्याची सोय आणि अधीक्षकाच्या खोलीत कापसाच्या वातीचा डबा, एवढी तजवीज जरी झाली तरी पुष्कळ साधेल. घरोघरी चुलीचा धूर हाही कानाचा शत्रूच. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी बऱ्याच घरांत पोचविली. पण सिलिंडर भरून आणण्याचा खर्च न पेलल्याने चूल पुन्हा पेटते, तेव्हा लाभाचा तो भाग धुरात जातो. तान्ह्या मुलाला अंगावर पाजणे हे संरक्षणाचे सर्वांत स्वस्त साधन, आणि कामावर जाणाऱ्या मजूर बाईला तेवढी सवड मिळत नाही. आरोग्याचा प्रश्न असा फिरून मजुरीच्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो.

कुपोषण, सर्पदंश, बाळंतपणातील मृत्यू असे भयंकर प्रश्न उभे असताना कानासारख्या क्षुल्लक गोष्टीवर शक्ती का खर्च करावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, या कामासाठी नवी इमारत लागत नाही, नवे खाते लागत नाही आणि परकीय यंत्रसामग्रीही लागत नाही. थोड्या खर्चात इतका मोठा लाभ देणारी कामे सार्वजनिक जीवनात फार थोडी असतात. शिवाय ज्याला ऐकू येत नाही त्याला शिक्षण देण्यावर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो, हेही हिशेबात धरले पाहिजे.

शासनाची वाट न पाहताही एक गोष्ट उद्यापासून करता येईल आणि ती शिक्षकांच्या हाती आहे. वर्गातील प्रत्येक मुलाच्या मागे काही हातांवर उभे राहून, एक कान झाकायला सांगून, हलक्या आवाजात एखादा शब्द उच्चारावा आणि तो त्याला परत म्हणावयास लावावा. जो म्हणू शकणार नाही त्याला पुढच्या बाकावर बसवावे आणि त्याच्या पालकांना बोलावून आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. मठ्ठ ठरविलेल्या मुलांपैकी काही मुले त्या दिवशी मठ्ठ राहणार नाहीत. एवढे झाले तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पिढीवर मोठे उपकार होतील.